शाळा व्यवस्थापन समितीवर नवीन आहात? आधी छत बघा

ताई, समितीवर निवड झाली, अभिनंदन! शाळेच्या सुरक्षेसाठी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची कोटेशनं मात्र लगेच मागवू नका. बहुतेक नवीन सदस्य तिथूनच सुरुवात करतात, आणि फुटेज बघायला कोणी नेमलेलंच नसतं. आधी मुख्याध्यापकांना सोबत घेऊन, शाळा भरलेली असताना एक फेरी मारा.

छत सगळ्यात महत्त्वाचं. स्लॅबला खालून फुगवटा आलाय, गिलावा सुटलाय, गंजलेली सळई दिसतेय, तर तो वर्ग त्याच दिवशी रिकामा करायला लावा. वरून रंग मारून घेणं ही नेहमीची चूक. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या शाळेचं छत कोसळून ७ मुलं गेली. तोंडी सांगून थांबू नका. समितीत ठराव घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या.

मग एवढं बघा:

- जिना आणि मागचं दार शाळेच्या वेळेत कुलूपबंद नको, तिथे मोडकी बाकंही नकोत. तामिळनाडूत कुंभकोणमला २००४ साली शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, तिथला जिना अरुंद होता.
- अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा.
- मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून नीट लागते का, हे मुलींनाच विचारा. त्या खरं सांगतात.
- १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा नंबर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहा.

पहिल्या महिन्यात एवढं पुरे. स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तज्ज्ञ तपासणीचं, नंतर बोलू.