वाचकांचे प्रश्न: मुलीच्या आठवणीसाठी थरच्या वाळवंटातून पायी

प्रश्न: माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी, वयाच्या नवव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. उपचारांच्या काळात आम्ही मुंबईत होतो. तिथे तिने एका जुन्या मासिकात वाळूच्या टेकड्यांचे चित्र पाहिले आणि बरी झाल्यावर आपण तिथे जायचे, असे माझ्याकडून कबूल करून घेतले. ते राहून गेले. आता बिकानेरपासून जैसलमेरपर्यंत आणि पुढे सामच्या टेकड्यांपर्यंत एकट्याने चालत जावे, असे मी ठरवले आहे. ती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. त्याच दिवशी मला सामला पोहोचायचे आहे आणि तिच्या लाल चपला तिथल्या वाळूत पुरायच्या आहेत. उन्हाळ्याची मला कल्पना आहे, पण तिने जे सोसले त्यापुढे ते काहीच नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा असून एकदा आळंदी ते पंढरपूर वारी पूर्ण केली आहे. या निमित्ताने काही निधी जमवून कर्करुग्ण मुलांच्या राहण्याच्या सोयीसाठी द्यावा, असाही विचार आहे. पत्नीला हे पटत नाही. ती म्हणते, "तुम्ही तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी जात आहात." नववीतला मुलगा मात्र बरोबर येतो म्हणतो. मी काय तयारी करावी?
एक वडील, नाशिक

उत्तर: आपले पत्र मी अनेकदा वाचले. आपण जावे, असे मला मनापासून वाटते. पण मे महिन्यात जाऊ नये आणि एकट्याने जाऊ नये. पश्चिम राजस्थानात मी दोन वेळा हिवाळ्यात पायी फिरलो आहे, आणि तिथल्या माणसांकडून जे शिकलो त्याच्याच आधारे हे लिहीत आहे.

आपल्या वाटेवर बरोबर मध्यावर फलोदी हे गाव लागते. 19 मे 2016 रोजी, म्हणजे आपण निवडलेल्याच आठवड्यात, तिथे 51 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. दरवर्षी पारा इतका चढत नाही हे खरे, परंतु मे महिन्यात तिथे 42 ते 45 अंश ही नेहमीची गोष्ट आहे, आणि दुपारी वाहणारी लू, म्हणजे कोरडा उष्ण वारा, अंगावरचा घाम जाणवण्याआधीच वाळवून टाकते, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले हे चालणाऱ्याला कळत नाही. अशा उन्हात ओझे घेऊन चालणाऱ्याला दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी लागते. दहा लिटर म्हणजे दहा किलो. दोन दिवसांचे पाणी पाठीवर घेतले, तर त्या ओझ्यानेच घाम वाढतो आणि पाण्याची गरज आणखी वाढते. नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातील मीठ कमी होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, आणि उष्माघातातही तेच घडते. एकट्या माणसाच्या बाबतीत धोका असा, की ज्या बुद्धीने सावध व्हायचे तीच आधी जाते.

तिने सोसले तसे आपणही सोसावे, असे वडिलांना का वाटते, हे मला समजते. पण या हिशेबात आणखी एक माणूस येतो, त्याचा विचार आपल्या पत्रात नाही. तो त्या वाटेवरच्या ढाणीत राहणारा आहे. ढाणी म्हणजे शेतातली चार-सहा घरांची वस्ती. तिथे अंगणात जमिनीखाली बांधलेला टांका असतो. पावसाळ्यात आजूबाजूच्या स्वच्छ राखलेल्या उतारावरचे पाणी त्यात उतरते आणि तेच पुढे पुरवून वापरायचे असते. अनेक ठिकाणी विहिरीचे पाणी खारे असते किंवा त्यात फ्लोराइड जास्त असते, म्हणून टांक्यातले गोडे पाणी घरातल्या धान्याइतके मोजून वापरले जाते. जैसलमेर जिल्ह्यात वर्षाकाठी पडणारा पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो प्रामुख्याने जुलैपासून पुढे पडतो. म्हणजे मे महिन्यात टांका तळाला गेलेला असतो किंवा टँकरने विकत भरलेला असतो. दारात आलेल्या वाटसरूला पाणी नाकारणे तिथे कोणाच्या मनातही येत नाही. आपण मागाल आणि ते देतील, हे नक्की. म्हणूनच, त्यांना द्यावेच लागेल अशा दिवसांत त्यांच्या दाराशी जाऊ नये. आपण वाटेत कोसळलात, तर उंट किंवा जीप घेऊन शोधायला निघणारीही हीच माणसे असतील.

तारखेविषयी एवढेच सांगतो की आपल्याकडे श्राद्धाची तिथी चुकली, तर सर्वपित्री अमावास्या आहे. दिवस पुढे-मागे होण्याची सोय आपल्या वाडवडिलांनीच करून ठेवली आहे. मे महिन्यातला तो दिवस आपण पत्नी आणि मुलाबरोबर घरीच राहावे. मला वाटते, त्या दिवशी आपण घरात असण्याची गरज त्या दोघांना आहे, आणि पत्नीच्या नाराजीचा काही भाग तरी त्यातून आला असावा. आपण स्वतःसाठी जात आहात हे त्यांचे म्हणणे मला खरे वाटते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. तसे त्यांच्याजवळ उघडपणे कबूल करावे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघावे. बिकानेर ते जैसलमेर हे अंतर कोलायत, फलोदी आणि पोखरणमार्गे सुमारे 330 किलोमीटर आहे, आणि तिथून साम आणखी चाळीस किलोमीटर पश्चिमेला आहे. दिवसाला वीस किलोमीटर आणि मध्ये तीन दिवस विश्रांती धरली, तर बावीस दिवस लागतील. वारीचा अनुभव पायांच्या उपयोगी पडेल. मात्र वारीत पाण्याचा टँकर, जेवणाची पंगत, डॉक्टर आणि उतरण्याची जागा आपल्याबरोबर चालत असतात, इथे ते सर्व आपल्यालाच चालवायचे आहे. दिवसा पाच लिटर पाणी पुरेल. थंडी मात्र हलकी समजू नका. बिकानेरच्या बाजूला पहाटे पारा पाच अंशांच्या खालीही जातो, आणि वाळू सूर्य मावळताच निवते.

एकट्याने न जाता एक उंट आणि त्याचा मालक बरोबर घ्यावा. पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारे राईका लोक त्या भागात आहेत. पाणी, पांघरुणे आणि शिधा उंटावर गेला की आपल्या पाठीवर फक्त दिवसाचे पाणी राहते. शिवाय कोणत्या ढाणीत मुक्काम मागावा, कुठली कुत्री अंगावर येतात आणि कुठला परिसर ओरण म्हणून राखलेला आहे, हे त्या माणसाला ठाऊक असते. ओरण म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली वाळलेली फांदीही चुलीसाठी तोडायची नसते. मजुरी, त्याचे जेवण, उंटाचा चारा आणि परतीच्या प्रवासाचे दिवस हे सर्व आधी बोलून घ्यावे.

वाटेचे खरे रूपही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही. मुलीने चित्रात पाहिलेल्या टेकड्या बहुतेक वाटेवर नाहीत. खेजडी म्हणजे आपली शमी, केर आणि बोरीची झुडपे, खडीचे माळ, फलोदीजवळची मिठागरे, विजेच्या तारा आणि मालमोटारी असे ते वाळवंट आहे. हमरस्त्याच्या कडेने न चालता बाजूच्या कच्च्या वाटेने चालावे आणि रस्ता ओलांडताना चमकणारी पट्टी अंगावर असावी. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी कुठे दिसले, तरी ते घेण्यासाठी काठावरून खाली उतरू नये. अस्तर केलेला उतार निसरडा असतो आणि प्रवाहात पडलेल्याला वर येता येत नाही. पोखरणजवळ लष्कराचे गोळीबार क्षेत्र आहे, त्याच्या हद्दीत शिरू नये. सामच्या पुढे सीमेच्या दिशेने जायचे झाल्यास जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. आपण सामलाच थांबावे.

फलोदीला पोहोचलात की एक दिवस मुक्काम करून जवळच्या खिचन गावी पहाटे जावे. मध्य आशियातून आणि मंगोलियातून आलेले हजारो करकोचे हिवाळाभर तिथे असतात, आणि गावकरी त्यांना रोज धान्य घालतात. मारवाडात त्यांना कुरजां म्हणतात. परगावी गेलेल्या माणसाला निरोप पोहोचव, अशी विनवणी बायका गाण्यांतून याच पक्ष्याला करतात. मार्चनंतर ते परत जातात. मे महिन्यात आपल्याला तिथे रिकामे मैदान दिसले असते.

तिथून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामदेवरा हे राजस्थानातील लोकदैवत रामदेव यांचे समाधिस्थान आहे. लोककथा अशी, की लहानग्या रामदेवाने खेळायला घोडा मागितला, शिंप्याने कापडाचा शिवून दिला आणि तो घोडा त्याला घेऊन आकाशात उडाला. म्हणून भाविक तिथे कापडी घोडे वाहतात. हिंदूंबरोबर मुसलमानही रामसा पीर म्हणून त्या समाधीला येतात. लहान मुलाच्या हट्टाची इतकी आठवण ठेवणारे दुसरे तीर्थ मला माहीत नाही. पत्नीला चालायचे नसेल, तर आग्रह करू नका; पण रामदेवराला रेल्वे स्थानक आहे, तिथे एक दिवस येऊन भेटशील का, एवढे जरूर विचारा. मुलाला शाळेतून आठवड्याची रजा मिळाली, तर पोखरण ते जैसलमेर हा सुमारे 110 किलोमीटरचा टप्पा त्याला बरोबर घ्या. बहीण त्याचीही गेली आहे, आणि तो स्वतःहून येतो म्हणतो आहे.

चपला मात्र वाळूत पुरू नयेत. सामच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकतात. आज हातभर खोल ठेवलेली वस्तू पुढच्या उन्हाळ्यातल्या आंधीत उघडी पडते आणि पर्यटकांच्या पायांखाली येते. तिच्या चपलांचे तसे होऊ नये. त्या पिशवीतून सामपर्यंत न्याव्यात, टेकडीवर बाहेर काढाव्यात आणि परत घरी आणाव्यात.

निधीसाठी एकच संस्था निवडा, निघण्यापूर्वी तिची लेखी संमती घ्या आणि पैसे आपल्या खात्यात न घेता थेट संस्थेच्या खात्यात जमा करायला सांगा. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देणारी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आपल्याला माहीत असेलच. प्रवासाचा खर्च या निधीतून एक रुपयाही करू नये.

तयारीला आताच लागा. नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अठ्ठावीस किलोमीटर आहेत. दर रविवारी पहाटे मुलासह निघून ते चाला, आधी रिकाम्या हाताने आणि नंतर पाठीवर पाच लिटर पाणी घेऊन. बूट नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे घ्या, कारण लांब चालण्याने पाय सुजतात, आणि ते याच रविवारी पायांत घाला, म्हणजे डिसेंबरपर्यंत ते रुळलेले असतील.