पलंगाखालून बाहेर कधी येईल?

प्रश्न : ताई, गणपतीत आमच्या गल्लीतली एक कुत्री गाडीखाली आली, मागचा पाय मोडला, ऑपरेशन करून आम्ही तिला घरीच ठेवून घेतलं. चारेक वर्षांची असेल, कानाला कट आहे, नाव ठेवलंय शेवंता. पाय आता टेकवते, पण दीड महिना झाला तरी दिवसभर पलंगाखाली, आम्ही समोर असलो की जेवत नाही आणि सासूबाईंनी केर काढायला झाडू घेतला की गुरगुरते. त्या म्हणतात रस्त्यावरचं जनावर ते, परत सोडून या. त्यात दिवाळी तोंडावर आलीये. आमचं काही चुकतंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहो काही चुकत नाहीये, दीड महिना म्हणजे काहीच नाही. आमची बायजी तीन महिने वॉशिंग मशीनच्या मागे राहिली, मग एका रात्री मी खाली बसून मेथी निवडत होते तर पायाला काहीतरी गार-ओलं लागलं, बघते तर तिचं नाक. मी हललेच नाही, मेथी तशीच राहिली.

शेवंताला ओढून बाहेर काढू नका, तो पलंग म्हणजे तिचं घर आहे सध्या. जेवण कडेला ठेवा आणि तिच्याकडे पाठ करून बसा, टक लावून बघू नका. झाडूचं म्हणाल तर रस्त्यावर हातात झाडू-काठी घेतलेला माणूस म्हणजे मार, हे ती चार वर्षं शिकलीये. गुरगुरली म्हणून ओरडू नका हां, ती सांगतेय की मला भीती वाटते, आणि गुरगुरणं बंद पाडलं की कुत्रं न सांगता डायरेक्ट चावतं. केर ती फिरायला गेली की काढा, आणि एरवी झाडू नुसता जमिनीवर पडू दे, आजूबाजूला उकडलेल्या चिकनचे तुकडे टाका.

कानाचा कट म्हणजे नसबंदी झालेली आहे, तेव्हा रेबीजची लसही देतात पण ती दरवर्षी लागते, डॉक्टरांना विचारून घ्या.

आता दिवाळी. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास, त्यामुळे जो लवंगी आपल्याला चिल्लर वाटतो तो तिला तसा नसतो. फिरवून आणायचं ते ऊन असतानाच, पट्टा सोडायचा नाही आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच, कारण घाबरलेलं कुत्रं वाट फुटेल तिकडे पळतं आणि मग सापडत नाही. संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही चालू, पलंगाखाली तुमची वापरलेली चादर टाका. जवळ आली तर खुशाल कुरवाळा, लाड केल्याने भीती वाढते वगैरे काही नसतं. माणसांची झोपेची गोळी मात्र अजिबात नको, फारच थरथरत असेल तर डॉक्टरांकडे आठवडाभर आधी जा. आणि फराळाचे डबे वर ठेवा, बेदाण्याने आणि चॉकलेटने कुत्र्याच्या जिवावर बेततं.

सोडून यायचं तर नावच काढू नका. आता तिला तुमची सवय लागलीये, पाय अजून अधू आहे, खायला कुठून मिळवणार ती? पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पण सासूबाईंना कायदा सांगू नका, रात्रीची पोळी रोज त्यांच्याच हातून पलंगाच्या कडेला ठेवायला लावा. काय होतं ते मला कळवा, वाट बघतेय.