लेकीबरोबर पहिलं घरटं

८ वर्षांच्या लेकीला सुतारकाम शिकवायचं असेल तर लगेच ड्रिल देऊ नका. आधी चिमणीसाठी लाकडी घरटं बनवायला घ्या: १५ मिलिमीटर जाडीची पाइनची फळी, ३२ मिलिमीटरचं भोक. भोक तुम्ही पाडा, करवत तिच्या हातात द्या. फळी शिकंज्यात घट्ट आवळून पहिले दोन-तीन हात उलटे, अंगाकडे ओढायला सांगा. खाच पडली की करवत भरकटत नाही. गॉगल दोघांनीही लावायचा.

खिळा बोटांऐवजी कपड्यांच्या चिमट्यात धरायचा. टोक आधी हातोडीने जरा बोथट केलं तर फळी चिरत नाही. माझ्या मुलाला हे इतकं आवडलं की त्याने डब्यातला प्रत्येक खिळा ठोकून ठेवला!

काप वाकडा गेला तरी हात घालू नका. मी एकदा सरळ करून दिलेल्या फळीला तो पुन्हा शिवलाच नाही, अजून वाईट वाटतं.

आतून रंग नको. खरखरीत लाकडावर पिल्लांना चढता येतं.