वाचकांचे प्रश्न : कोर्सचं नाव सोडा, यंत्रावरचे तास विचारा

प्रश्न : मुलाला दहावीला ६१ टक्के आहेत. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत त्याला काम मिळावं असं वाटतं. आयटीआय करावा की डिप्लोमा? एका क्लासमध्ये तीन महिन्यांत सीएनसी (संगणकावर चालणारं कटाई यंत्र) शिकवतो असं सांगितलं. (एक पालक, सिडको)

आधी त्या क्लासचा हिशेब मांडा. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत साधारण १५६ तास होतात. पंधरा मुलांत एकच यंत्र असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा तास येतात. याउलट आयटीआयच्या सध्याच्या अभ्यासक्रमात एका वर्षाला १,२०० तास असतात आणि त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. टर्नर किंवा मशिनिस्ट हे ट्रेड (आयटीआयमधले व्यवसाय अभ्यासक्रम) दोन वर्षांचे, म्हणजे १,६८० तास हात कामावर. हा फरक कारखान्यात पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो.

बटणं दाबायला कोणीही शिकतं. नग मापात का येत नाही, हे ओळखायला वेळ लागतो. समजा लेथवर, म्हणजे नग फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, बाहेरचा व्यास ०.०४ मिमी जास्त आला. यंत्र व्यासावर प्रोग्रॅम केलेलं असेल तर एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराची झीज भरून काढायच्या आकड्यात) उणे ०.०४ टाकायचं. निम्मं टाकलं तर नग अजून ०.०२ ने मोठा राहतो, आणि चिन्ह चुकलं तर पुढचा नग थेट ०.०८ ने मोठा निघतो. त्यातच नग गरम असताना माप घेतलं तर माप फसवतं : ५० मिमी व्यासाचं पोलाद ३० अंशांनी तापलं की सुमारे ०.०१७ मिमी फुगतं. मायक्रोमीटरवर ०.०१ वाचता येणाऱ्या मुलालाच हे दिसतं. सुरुवातीचे महिने कानस घासण्यात गेले म्हणून मुलं कंटाळतात. कंटाळू देऊ नका, नजर आणि हात तिथेच तयार होतात. सीएनसीचा छोटा कोर्स वाईट नाही, पण तो ट्रेड झाल्यावर करावा.

डिप्लोमा तीन वर्षांचा आणि दहावीला ३५ टक्क्यांवर प्रवेशाला पात्रता मिळते. नाशिकरोडला सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन आहे. गणितात मुलाचा पाय घट्ट असेल तर डिप्लोमा घ्यावा. नसेल तर पहिल्या वर्षाचं गणित आणि ड्रॉईंग मागे राहतं आणि विषय साठत जातात. अशा मुलाला आधी दोन वर्षांचा आयटीआय करू द्या. तो झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बारावीची समकक्षता हवी असेल तर राज्य मंडळाचे भाषा विषय द्यावे लागतात. आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी मात्र चुकवू नये. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यासह मोठे कारखाने शिकाऊ उमेदवार घेतात आणि अखेरीस राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं.

आयटीआयचा अर्ज भरताना दोन चुका फार होतात. पहिली पसंतीक्रमाची. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून ‘बघू तरी’ म्हणून वर काही लिहू नका, खरोखर हवा तोच ट्रेड वर ठेवा. आणि आयटीआय सिग्नलजवळच्या संस्थेवरच थांबू नका, सिन्नर, निफाड, दिंडोरीचेही पर्याय घाला. दुसरी चूक कागदांची. मुदत उलटलेलं नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र जोडलं की राखीव जागेचा हक्क जातो.

प्रवेशानंतर ८० टक्के हजेरी लागते. ती नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. प्रात्यक्षिकात ६० टक्के हवेत, लेखी विषयांत ३३. लेखीची भीती आणि प्रात्यक्षिकाला दांडी, असं उलटं गणित मुलं करतात.

प्रश्न : वय ३४, शिक्षण आठवी. शिवणकाम शिकायचं आहे. आता कोण प्रवेश देणार? (वाचक, पंचवटी)

आयटीआयला कमाल वयाची अट नाही आणि शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आठवी पासवर मिळतो. दिवसभर जमत नसेल तर राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाशी संलग्न सहा महिन्यांचे कोर्स बघा. प्रवेशाआधी एकच विचारा : कागदावर ड्राफ्टिंग (मापावरून आकृती आखणं) शिकवता का, की तयार कागदी नमुना ठेवून कापायला लावता? नमुन्यावर शिकलेलीला समोरच्या गिऱ्हाइकाच्या मापाचा ब्लाऊज बेतता येत नाही, आणि मुंढा (बाही जोडायचा घेर) ओढतो तो तिथेच. सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवायला शिकवतात का, हेही बघा. नाहीतर पहिल्या धुण्यात ब्लाऊज आटतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

प्रश्न : बारावी सायन्स झालं. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जावं का?

जावं, एक वर्ष वाचतं. फक्त वर्ग सुरू होण्याआधीच्या सुट्टीत इंजिनिअरिंग ड्रॉईंग बसून करा. दुसऱ्या वर्षात ते कोणी पुन्हा शिकवत नाही.

प्रश्न : वायरमनचा ट्रेड पूर्ण झाला की घरांची कामं स्वतःच्या नावावर घेता येतील का? (वाचक, देवळाली कॅम्प)

नुसत्या प्रमाणपत्रावर नाही. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढावा लागतो आणि ठेका घ्यायचा तर विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती लागते. तोवर परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली राहा आणि तपासणी शिकून घ्या. पुरवठा जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरवर (तारांचं आवरण तपासायच्या उपकरणावर) किमान १ मेगाओहम यायला हवं. मेगर लावताना एलईडी आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढून ठेवा, नाहीतर ती जळतात. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लोड लावला की लगेच पडत असेल तर आधी न्यूट्रल बघा : आरसीसीबीच्या आधीचा आणि नंतरचा न्यूट्रल कुठल्या तरी डबीत एकत्र जोडलेला सापडतो.