संगणक सल्ला : २४०० च्या रॅमसोबत ३२०० ची चालेल का?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड आणि ८ जीबीची एकच डीडीआर४ २४०० रॅम आहे. आणखी ८ जीबी टाकायची आहे. नागपुरात बर्डीच्या बाजारात २४०० ची मिळाली नाही, ३२०० ची आहे. दुकानदार म्हणतात, वेगवेगळ्या स्पीडच्या जोडू नका, जुनी विका आणि १६ जीबीची एकच ३२०० ची टाका. काय करावं?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : जुनी विकू नका. ८ जीबीची ३२०० घ्या आणि रिकाम्या स्लॉटमध्ये लावा. रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. ती स्टिक कोणत्या वेगाला कोणत्या टायमिंगवर (म्हणजे डेटा द्यायला किती ठोके थांबून) चालते, याचा तक्ता तिच्यात असतो. मशीन सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरचं, विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) दोन्ही तक्ते वाचतं आणि दोघींना झेपेल तोच वेग दोघींना देतं. तुमच्याकडे तो २४०० असेल. आय३-८१०० ची अधिकृत मर्यादाही २४०० च आहे आणि एच३१० बोर्ड त्यापुढे जाऊ देत नाही. त्यामुळे १६ जीबीची एकटी ३२०० लावली असती, तरी ती २४०० वरच चालली असती, आणि दुसरं चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधला डेटाचा दुसरा रस्ता, रिकामं राहिलं असतं ते वेगळंच.

स्पीडच्या आकड्यापेक्षा हे दुसरं चॅनल मोलाचं आहे. २४०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी डेटा पुरवते. दोन चॅनलवर दोन लावल्या की ३८.४ जीबी. एकटी ३२०० पूर्ण वेगाने धावली तरी २५.६ जीबीच होतात.

खरेदी करताना मात्र लेबल वाचा. धातूचं कवच असलेल्या गेमिंग रॅमवर छापलेला ३२०० हा आकडा बहुधा एक्सएमपी प्रोफाइलचा (बायोसमधून चालू करायच्या, जास्त वेगाच्या तयार सेटिंगचा) असतो, १.३५ व्होल्टवरचा. प्रोफाइल बंद असेल तर त्यातल्या काही २१३३ वरच सुरू होतात. अशी स्टिक आणली तर जुनी २४०० चीही तिच्यासोबत खाली येऊ शकते. म्हणजे महागडी नवी रॅमच जुनीला मागे ओढते. १.२ व्होल्ट, सीएल२२ (हा टायमिंगचा आकडा) अशी साधी, बिनकवचाची ३२०० मागा. तिच्या लेबलवर बरेचदा पीसी४-३२००एए असं लिहिलेलं असतं. सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्तात मिळते, ती तुमच्या बोर्डवर चालणारच नाही.

लावताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून प्लग काढा, कॅबिनेटवरचं पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. खाच जुळवून स्टिकची दोन्ही टोकं क्लिप ‘खट्’ होईपर्यंत दाबा. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर लगेच बंद करू नका, बोर्ड नव्या जोडीची टायमिंग बसवत असतो. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे पाहा : १६ जीबी, स्पीड २४००, दोनपैकी दोन स्लॉट. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १२०० च्या आसपास दिसेल. तेही बरोबरच आहे, कारण डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते.

प्रश्न : रायझन ५ ५६००जी, चार स्लॉटचा बोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. २६६६ च्या ८ जीबीसोबत ३२०० ची ८ जीबी लावून एक्सएमपी चालू केलं. आता अधूनमधून निळी स्क्रीन येते.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ३२०० च्या स्टिकचं प्रोफाइल २६६६ च्या स्टिकवरही लादलं गेलं आहे. ती सुरू होते, पण ताण आला की चुकते. एक्सएमपी बंद करा, वेग २६६६ आणि व्होल्टेज १.२ ठेवा. मशीन बायोसपर्यंतही पोहोचत नसेल तर प्लग काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा, जुनी सेटिंग पुसली जातील. स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असाव्यात. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक चूक दिसली तरी ती जोडी त्या सेटिंगवर भरवशाची नाही. प्रत्येक स्टिक एकेकटी, त्याच स्लॉटमध्ये पुन्हा तपासा. अशा रॅमवर फायली हळूहळू खराब होत जातात आणि ते कळायला उशीर होतो, म्हणून हे टाळू नका.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. ५६००जी चं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं. २६६६ ची जोडी सेकंदाला साधारण ४२.६ जीबी देते, ३२०० ची ५१.२. ऑफिसच्या कामात हा फरक जाणवणार नाही, गेममध्ये जाणवेल. गेम खेळत असाल तर जुनी विकून ३२०० ची एकसारखी जोडी घेणं योग्य.

प्रश्न : चौथ्या पिढीच्या आय५ यू प्रोसेसरचा लॅपटॉप आहे. मित्राकडची डीडीआर३ १६०० बसते, पण चालू होत नाही.
— एक वाचक, कामठी

उत्तर : स्पीड जुळतो, व्होल्टेज जुळत नाही. या प्रोसेसरना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते. दोन्हींना २०४ पिना आणि खाचही एकाच जागी, म्हणून ती बसते. लेबलवर ‘पीसी३एल’ पाहूनच घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात डिस्प्ले येत नाही, रॅम काढून लावली की येतो. रॅम खराब आहे का?
— एक वाचक, महाल

उत्तर : आधी कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या झोतात आहे का ते पाहा. दमट हवा आणि धूळ मिळून स्लॉटच्या पिनांवर थर बसतो. खोडरबराने घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रॅमची सोनेरी पट्टी पुसा, स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, पूर्ण वाळल्यावर लावा. कॅबिनेट झोतातून बाजूला घेतल्यावरही तसंच होत असेल, तर स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. तिथे नीट चालली तर दोष रॅममध्ये नसून स्लॉटमध्ये आहे.