बेडरूमचा बॉक्स बंद करा, हॉलचा राहू द्या

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. घरात दोन टीव्ही. हॉलच्या डिशचा रिचार्ज महिन्याला 520 रुपये, बेडरूमच्या दुसऱ्या बॉक्सचा 260. फायबरचं ब्रॉडबँड 60 एमबीपीएसचं, 599 अधिक जीएसटी. यजमान घरून काम करतात, त्यामुळे ते लागतंच. आता ब्रॉडबँडवाला म्हणतो, 999चा प्लॅन वर्षभराचा आगाऊ भरा, त्यात वाहिन्या आणि ॲप्स येतात, डिश काढून टाका. बेडरूमचा टीव्ही स्मार्ट आहे, त्यावर बहुतेक यूट्यूबच चालतं. हॉलचा जुना आहे. सासूबाई रोज संध्याकाळी मराठी मालिका बघतात. भरू का?

उत्तर: आत्ता भरू नका. आधी हिशेब बघा. दोन्ही डिश मिळून महिन्याला 780, म्हणजे वर्षाला 9,360. ब्रॉडबँड जीएसटी धरून 706.82, वर्षाला 8,482. एकूण 17,842. आता नवा प्लॅन. 999 हा आकडा जीएसटीशिवायचा असतो. 12 महिन्यांचे 11,988, त्यावर 18 टक्के, म्हणजे 14,146. वर्षाला वाचले 3,696. पण हॉलचा टीव्ही स्मार्ट नाही, त्याला स्टिक (टीव्हीच्या मागे जोडून ॲप्स दाखवणारं छोटं उपकरण) लागेल, साधारण साडेतीन हजारांची. पहिल्या वर्षी तुमच्या हातात राहिले दोनशे रुपये, आणि चौदा हजार आधीच दुसऱ्याच्या खिशात.

त्याआधी नेमकं काय विकत घेताय ते विचारा, कारण ‘इंटरनेटवरचा टीव्ही’ या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक आयपीटीव्ही. यात फायबर कंपनी स्वतःचा बॉक्स देते, वाहिन्या कंपनीच्याच नेटवर्कवरून येतात, डिशसारखाच नंबर दाबून वाहिनी लागते. दुसरं म्हणजे नुसती ॲप्स. तिथे प्रत्येक वाहिनी आपापल्या मालकाच्या घरी राहते: स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी5वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. सासूबाईंच्या तीन मालिका तीन वाहिन्यांवर असतील तर तीन ॲप्स लागू शकतात, आणि प्लॅनमध्ये त्यातलं एकच असेल तर बाकीच्यांचे पैसे वेगळे. शिवाय ॲपचं सदस्यत्व टीव्हीवर चालणारं आहे की फक्त मोबाईलवर, हेही बघा. ‘तीनशे वाहिन्या’ हा आकडा ऐकून भुलू नका; त्यातल्या कितीतरी फुकटच दिसणाऱ्या असतात. वाहिन्यांची छापील यादी मागा आणि घरात खरोखर बघता त्या पाच-सहांवर खूण करा.

माझा सल्ला अर्धवट वाटेल, पण पैसे त्यातच जास्त वाचतात. बेडरूमचा बॉक्स बंद करा. तो टीव्ही स्मार्ट आहे, यूट्यूबला बॉक्स लागत नाही, आणि मराठी बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्याही यूट्यूबवर थेट दिसतात. महिन्याला 260 सुटले. मग हॉलचं पॅक उघडून बघा. 520मध्ये घरात कोणी बघतच नाही अशा वाहिन्यांचे गठ्ठे असणार. समूहात विकल्या जाणाऱ्या वाहिनीची सुटी किंमत 19 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चार मराठी वाहिन्या सुट्या घेतल्या तर जास्तीत जास्त 76, अधिक कर, म्हणजे नव्वदच्या आत. त्यावर नेटवर्क शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे महिन्याचे पैसे. यावर पूर्वी 130ची मर्यादा होती, ती 2024मध्ये उठली, तेव्हा तुमच्या कंपनीचा दर ॲपमध्ये तपासा. 130च असेल तर करासह 153. सगळं मिळून अडीचशेच्या आत बसतं. क्रिकेटच्या महिन्यात खेळाची वाहिनी घालायची, नंतर काढायची.

म्हणजे महिन्याला 260 आणि 270 असे 530 वाचले, वर्षाला 6,360. आगाऊ काही भरायचं नाही, स्टिकही नको.

हॉलची डिशही काढली तर? अडीचशेप्रमाणे वर्षाचे 3,000 सुटतील. त्यातले साधारण दीड हजार एका ॲपच्या वार्षिक वर्गणीत जातील. स्टिकची किंमत बाजूला ठेवली, तरी उरलेल्या दीड हजारासाठी सासूबाईंना स्टिकचं रिमोट शिकवायचं: होम, ॲप, प्रोफाइल, शोध, मालिका, भाग. डिशवर त्या तीन आकडे दाबतात. मला हा सौदा पटत नाही, पण त्या स्वतः मोबाईलवर मालिका बघत असतील तर गोष्ट वेगळी.

पुढेमागे सगळं इंटरनेटवर न्यायचंच असेल, तर आधी महिनाभर चाचणी घ्या, डिश चालू ठेवून. फुल एचडी चित्राला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, तेव्हा 60चा वेग दोन टीव्हींना भरपूर आहे. वेग वाढवायला पैसे घालू नका. चित्र अडकतं ते बहुधा वायफायमुळे. राउटर हॉलमध्ये आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असेल तर 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथवर धड पोहोचत नाही. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा, काही शे रुपयांत काम होतं. चाचणी रात्री नऊ-दहाला घ्या. दुपारी सगळंच छान चालतं.

डेटाही मोजा. एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत जातात. दोन टीव्ही रोज पाच-पाच तास चालले तर महिन्याला 900 जीबी. फायबर प्लॅनला बहुधा महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते, तिच्यात हे आरामात बसतं, पण कोणी 1,000 जीबीचं वायरलेस 5जी कनेक्शन गळ्यात मारत असेल तर यजमानांच्या कामाला जेमतेम 100 जीबी उरतील. राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे ना, तेही बघा. नाहीतर वीज गेल्यावर टीव्ही चालू आणि नेट बंद. आणि थेट सामना ॲपवर अर्धा मिनिट मागे असू शकतो, शेजारच्यांचा जल्लोष आधी ऐकू येईल.

हजार रुपयांत वर्षभर सगळ्या वाहिन्या देणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते प्रसारण चोरीचं असतं, आणि बंद पडलं की पैसे मागायला कोणी सापडत नाही.

बेडरूमचा बॉक्स बंद करताना वॉलेटमधली शिल्लक आधी संपू द्या, बॉक्स तुमच्या मालकीचा की कंपनीचा ते पावतीवर बघा, अनामत भरली असेल तर परत मागा. ॲप्सच्या बाबतीत यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा विभाग आजच उघडा. मोफत महिन्यासाठी चालू केलेलं एखादं ॲप तिथे अजून पैसे कापत असेल, तर ते मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) आधी रद्द करा.