वाचक विचारतात: स्वस्तातला एलईडी बल्ब खरा का खोटा?

प्रश्न: आमच्या आठवडी बाजारात टेम्पोवाला शंभरला तीन एलईडी बल्ब देतो. खोक्यावर ९ वॅट लिहिलंय पण घरातल्या जुन्या ९ वॅटपुढे हा अगदीच मंद वाटतो. घरी तपासता येईल का, यंत्रबिंत काही नाहीये आमच्याकडे. (एक वाचक, बार्शी)

उत्तर: यंत्र आहे की दादा, दारातच लावलंय, विजेचं मीटर. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो बघा, आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००, काहींवर १६००. घरातलं सगळं बंद करा, सगळं म्हणजे फ्रिज, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, वायफायसुद्धा, आणि फक्त तो एक बल्ब लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाईलवर मोजा. ३२०० वालं मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, येतील ते वॅट (१६०० असेल तर २२५० ला भागा). खरा ९ वॅटचा बल्ब साधारण १२५ सेकंद घेतो. तीन मिनिटं लागली तर तो सहा-सव्वासहा वॅटचाच आहे, ९ नुसतं खोक्यावर.

पण वॅट बरोबर निघाले म्हणून लगेच खूश होऊ नका, वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो, उजेड किती देतो ते लुमेनमध्ये मोजतात. चांगला ९ वॅटचा बल्ब ८००-९०० लुमेन देतो आणि खोक्यावर लुमेनचा आकडाच नसेल तर मी तरी तो दुकानातच ठेवीन. रात्री एकाच होल्डरला आलटून पालटून दोन्ही बल्ब लावा, खाली जमिनीवर मोबाईल ठेवून लक्स मीटरचं, म्हणजे उजेड मोजणारं, एखादं फुकट अ‍ॅप चालू करा, मोबाईल हलवायचा नाही. आकडा काटेकोर नसतो पण दोन्ही वेळा मोबाईल तोच म्हटल्यावर फरक तर कळतोच. अर्ध्या तासाने परत बघा, तापल्यावर थोडा उजेड सगळ्यांचाच उतरतो, पण फारच उतरला तर आत उष्णता बाहेर काढायला अ‍ॅल्युमिनियम पुरेसं नाही.

आणि बल्बवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि 'आर' पुढे आठ आकडी नंबर आहे का बघा, एलईडी बल्बला ती नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की कंपनीचं नाव येतं, नाव भलतंच आलं तर समजून जा. नुसता स्वस्त आहे म्हणून मात्र नाक मुरडू नका, सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ ला ३१० रुपयांना पडायचा तो २०१६ पर्यंत ३८ वर आला होता, म्हणजे कमी पैशात नीट बल्ब बनतो, बनवायचा असला तर!

प्रश्न: मोबाईलच्या कॅमेऱ्यात बल्बखाली काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात, मुलगी त्याच उजेडात अभ्यास करते, काळजी करू का? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ज्या बल्बच्या आत उजेड सपाट करणारा कॅपॅसिटर नाही तो सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला सरळ दिसत नाही पण काहींना त्याने डोकं दुखतं. पैसे वाचवायला पहिला बळी त्या कॅपॅसिटरचाच जातो. बल्बखाली पेन भराभर हलवून बघा, पेनाची सलग सावली न दिसता तुटक-तुटक पेनं दिसली तर तो बल्ब संडास-जिन्यात लावून टाका आणि अभ्यासाच्या टेबलाला पट्ट्या न दिसणारा घ्या.

प्रश्न: कंपन्या बदलल्या, महागडेही आणले, तरी चार-सहा महिन्यांत बल्ब जातातच. खोक्यावर तर २५,००० तास लिहिलेलं असतं! (एक वाचक, सांगली)

उत्तर: २५,००० तास म्हणजे रोज सहा तास धरले तरी अकरा वर्षं, तेवढं राहू द्या. पण कंपनी बदलून फरक पडत नाही म्हटल्यावर मला बल्बपेक्षा तुमच्या घरावर संशय येतोय. एलईडीचे दाणे सहसा टिकतात, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे बुडातलं सर्किट, आणि त्याला मारतात दोन गोष्टी, उष्णता आणि व्होल्टेज. चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात बल्ब लावलाय का? तसं असेल तर गोळा काढा नाहीतर कमी वॅटचा लावा. दुसरं म्हणजे मिक्सर किंवा मोटर चालू केली की काही दिवे मंद आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीतले जास्त प्रखर होतात का? होत असतील तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, ढिला असू शकतो, विशेषतः थ्री फेज असेल तर. मग एखाद्या फेजवर व्होल्टेज भलतंच चढतं, आज बल्ब गेलाय उद्या टीव्ही-फ्रिज जाईल, त्यामुळे मेन बंद ठेवा आणि वायरमनला आजच्या आज बोलवा, बल्बचं नंतर बघू.

प्रश्न: बटण बंद केलं तरी बल्ब काजव्यासारखा चमकत राहतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: बहुतेक बटणात फेजऐवजी (फेज म्हणजे वीज घेऊन येणारी तार) न्यूट्रल तुटतोय, किंवा बटणातच छोटा इंडिकेटर आहे. पहिलं असेल तर बल्ब बदलताना शॉक बसू शकतो, इलेक्ट्रिशियनकडून फेज बटणात घ्या. इंडिकेटरवालं असेल तर साधं बटण बसवा.

प्रश्न: गेलेल्या बल्बमधला काळा ठिपका पडलेला दाणा शॉर्ट केला की बल्ब परत लागतो असं व्हिडिओत बघितलं, करू का? (कॉलेजचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर: लागतो, कारण दाणे एकामागे एक माळेत जोडलेले असतात, एक तुटला की सगळी माळ बंद. पण एक दाणा कमी झाला की बाकीचे किंवा ड्रायव्हर जास्त तापतो आणि थोड्या दिवसांत परत तेच. आणि स्वस्त बल्बात ती पट्टी सरळ मेन लाइनला जोडलेली असते, त्यामुळे वरचं झाकण काढलेला बल्ब होल्डरला लावून 'लागतोय का' बघायला बोट लावू नकोस बाबा.